वीस वॅटचा ॲम्प्लिफायर

यंत्रं आपसात बोलायची, तेव्हाची गोष्ट. मृद्गंधाबाईंच्या नृत्यवर्गात एक छोटा ॲम्प्लिफायर होता. एके दिवशी बाईंनी त्याला दोन उंच, नवे स्पीकर जोडले.

"आम्हाला बरीच ताकद लागते. तुला झेपेल ना?" थोरल्या स्पीकरने विचारलं.

आपण वीस वॅटचेच आहोत, हे सांगायची ॲम्प्लिफायरला लाज वाटली. "न झेपायला काय झालं?" तो म्हणाला.

तालमीत बाई म्हणाल्या, "आवाज वाढवा गं!" मुलींनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. ॲम्प्लिफायरचं अंग तापलं, सूर फाटू लागले, तरी तो जोर लावतच राहिला. थोड्याच वेळात थोरल्या स्पीकरमधला बारीक सुरांचा पडदा जळाला आणि त्याच्यातून गाण्यातली बासरी ऐकू येईनाशी झाली.

"ताकद तर माझी कमी होती. मग जळलास तू कसा?" ॲम्प्लिफायरने रडकुंडीला येऊन विचारलं.

"कमी ताकदीने मी जळलो नाही रे," स्पीकर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वीस म्हणाला असतास, तर मी हळू गायलो असतो. अंगात नसलेलं बळ तू ओढूनताणून आणलंस. त्या फाटक्या सुरांनीच मला भाजलं."