तीनशे बेचाळीस उंबरे

फार वर्षांपूर्वी, शेंदरवणच्या टेकडीवर अजून गाडीरस्ताही चढला नव्हता तेव्हा, तालुक्याची कचेरी एका भाड्याच्या गोठ्यात भरायची. दिवसा मामलेदार बसत आणि संध्याकाळी म्हशी येत. दफ्तर कणगीत ठेवलेलं असे. एकदा एका शेळीनं दोन शेतांच्या हद्दीचा कागद खाल्ला आणि ते भांडण तीन पिढ्या चाललं, असं म्हणतात. ठाण्याची तऱ्हा तर विचारूच नका. कोठडी नव्हती, म्हणून चोर सापडला की फौजदार त्याला स्वतःच्या माजघरात बसवायचे. त्यांच्या बायकोनं एका दरोडेखोराकडून वर्षभराच्या शेंगा फोडून घेतल्या होत्या.

त्या काळी शेंदरवणात सटवा नावाचा दवंडीवाला होता. आज सगळे त्याला सटवाबा म्हणतात, पण तेव्हा तो नुसता सटवा होता. हुकूम निघाला की तो ऐकायचा, मनात धरायचा आणि हलगी वाजवत गावभर सांगायचा. वाचायला त्याला येत नव्हतं. पण एकदा ऐकलेला शब्द त्याच्याकडून कधी इकडचा तिकडे झाला नाही. गावात कुणी शपथ घ्यायचा तर म्हणायचा, "सटवाच्या दवंडीवानी खरं सांगतो." सटवाकडे ना जमीन होती ना जनावर, होता तो हा एवढाच मान.

अभिमानाची गोष्ट सांगायची तर लाजेची बाजूही सांगायला हवी. सटवा गावकुसाबाहेर राहायचा आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नसे. कचेरीचा हुकूमही तो अंगणाच्या पलीकडे उभा राहून ऐकायचा. आख्ख्या गावाला हाक देणाऱ्या त्या माणसानं गावातला एकही उंबरा ओलांडला नव्हता.

एका उन्हाळ्यात राजेसाहेबांचा हुकूम आला. तालुक्याला पक्की कचेरी आणि पक्कं ठाणं बांधायचं ठरलं होतं. इमारतीचा नकाशाही सोबत होता. डावीकडे कचेरी, उजवीकडे ठाणं आणि मधे चौक. पण गावानं आपला वाटा आठ दिवसांत उचलायचा. नाही उचलला तर दोन्ही इमारती खाली बोरपेठेला जाणार. बोरपेठ व्यापाऱ्यांची, पैशाला कमी नाही. कचेरी तिकडे गेली की बाजार जाणार, बाजाराच्या मागं माणसं जाणार आणि शेंदरवणात वारा तेवढा उरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मामलेदार त्र्यंबकपंतांनी ओट्यावर उभं राहून हुकूम वाचला. "दर उंबरा, रुपया एक." उंबरा म्हणजे घर, अशी सरकारी मोजणी. पण टेकडीवर वारा सुटला होता आणि सटवा अंगणाच्या पलीकडे उभा होता. त्याच्यापर्यंत 'दर उंबरा' पोचलं, 'एक' पोचलं. मधला रुपया वाऱ्यानं नेला. पंत वाचून झाल्यावर लगोलग दौऱ्यावर निघून गेले.

सटवानं हलगीवर थाप मारली. "ऐका हो ऐका. कचेरी न् ठाणं आपल्याकडंच ऱ्हायला पायजे असंल, तर आठ दिसांत दर घरानं एक उंबरा द्यायचा हो."

उंबरा म्हणजे काय ते आपल्या माणसाला सांगायला नको. ज्यावर रोज हळदीकुंकू वाहायचं, नवी सून ज्यावरचं माप लवंडून आत येते, ज्यावर पोराला कुणी बसू देत नाही, तो दगड उपटून द्यायचा. माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

गल्लीच्या तोंडाशी पुतळाबाई राहायची. एकटी बाई, तोंडाची फटकळ, सगळ्या गावाची आत्या. तिनं दारातून विचारलं, "सटवा, नीट ऐकलंस न्हवं?"

"आत्या, ऐकलं तेच सांगतुया. माझ्या हलगीला दुसरं काय येत न्हाई."

पुतळाबाईनं उंबऱ्याला शेवटचं कुंकू लावलं, नमस्कार केला आणि भाच्यांना पहार घेऊन बोलावलं. तिचा उंबरा माळावर, कचेरीसाठी ठरलेल्या जागेवर, गेल्यावर मग कुणाचं घर मागं राहणार? पाटलाचा गेला, सुताराचा गेला, कोष्ट्यांची आळी गेली. ते दगड दोघांना उचलायला जड, पण त्या चार दिवसांत एकेकट्या माणसानं खांद्यावर वाहून नेले, असं म्हणतात. आणि उघड्या दारांच्या त्या गावात ना साप शिरला, ना चोर. चोरांनीही आपापल्या घरचे उंबरे दिले होते.

पाचव्या दिवशी पंत दौऱ्यावरून परतले. माळावर तीनशे एक्केचाळीस दगड ओळीनं मांडलेले, काहींवर अजून ओलं कुंकू. पंत आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सटवाला बोलावून घेतलं.

"सटवा, रुपया होता रे. दर घरटी एक रुपया."

ज्या गावाच्या घरांत सटवाला पाऊल टाकायला मनाई होती, त्या गावाची सगळी दारं त्यानं एका शब्दानं मोडून ठेवली होती, आणि कचेरीही जाणार होती. हलगी उचलून तो थेट गल्लीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविरुद्ध दवंडी दिली. "ऐका हो. सटवा चुकला. उंबरे माघारी न्या."

कुणीही हललं नाही. पुतळाबाई बाहेर आली. तिच्या दारात आता नुसता खड्डा होता.

"दिल्याला उंबरा माघारी न्हेत न्हाईत," ती म्हणाली. "आन् सटवा चुकत न्हाई. त्यो हुकूमच चुकला आसंल. जा, राजाला सांगून ये."

एवढंच बोलून ती आत गेली. सटवा तिथंच रडला, असं म्हणतात, आणि मग वाट धरली.

राजधानी अठ्ठावीस कोस होती. तीन दिवस उरले होते. सटवा हलगी वाजवत निघाला तो थांबलाच नाही. ती हलगी शेंदरवणात ऐकू येत होती, असं म्हणतात. बायका दळताना सांगायच्या, आता घाट उतरला, आता नदीत शिरला. मधे एकदा आवाज तुटला तेव्हा सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा थाप ऐकू आली तेव्हा लोक जेवले.

वाड्याच्या महादरवाजाशी शिपायांनी त्याला अडवलं. सटवाला बाहेर उभं राहायची सवयच होती. पण या खेपेला ऐकायचं नव्हतं, ऐकवायचं होतं. त्यानं वाऱ्याची दिशा बघितली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि हाळी दिली.

"ऐका हो राजेसाहेब. शेंदरवणच्या एकाबी घराला उंबरा उरला न्हाई. हुकूम रुपयाचा व्हता, म्या उंबरा ऐकला. शिक्षा मला करा. पर गावानं दिलंय ते मोजून घ्या."

त्या हाकेनं वाड्यातल्या समया हलल्या, असं म्हणतात. राजेसाहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "रुपया दिलेल्या घरात उद्या दुसरा रुपया येतो. उंबरा कोण देतं? गावाचा वाटा पोचला. बाकीचं खजिना देईल." आणि वळता वळता विचारलं, "तू तुझा दिलास का?"

सटवानं मान खाली घातली. त्याच्या खोपटाला दगडी उंबरा नव्हता. लिंपलेल्या मातीचा एक उंचवटा होता, तोही पावसाळ्यात दर वर्षी नव्यानं घालावा लागे. "धनी, माझा मातीचा हाय," तो म्हणाला. "त्यो कुठं मोजायचा?"

तो परत आला तेव्हा राजेसाहेबांचा निरोप घोडेस्वारानं आधीच पोचवला होता आणि माळावर पाया खणून झाला होता. आणि त्याच्या खोपटाच्या दारातला उंचवटा जागेवर नव्हता. त्याची बायको ठकू पाटी रिकामी करून हात धूत होती.

"तुमची वाट कोण बघत बसतंय," ती म्हणाली. "समद्यांनी दिलं. आपलं न्हाई का घर?"

पाथरवटानं ती माती कालवून पायरीच्या जागी सगळ्यात खाली अंथरली होती. तिच्यावर तीनशे एक्केचाळीस उंबरे बसले. त्यांची पायऱ्यांची एकच लांब ओळ झाली, डाव्या अंगाला कचेरीत जाणारी आणि उजव्या अंगाला ठाण्यात जाणारी. कोणता दगड पाटलाचा, कोणता चोराचा, हे पाथरवटालाही सांगता येईना.

वास्तू उभी राहिली. पहिला हुकूम वाचायचा दिवस आला. सटवा नेहमीसारखा अंगणापलीकडे उभा राहिला. पंतांनी त्याला वर बोलावलं. तो पायरीपर्यंत आला आणि त्याचा पाय अडला. समोर सगळ्या गावाचे उंबरे होते, जे त्यानं कधी ओलांडले नव्हते. गर्दीत काहींनी तोंडं फिरवली, तेही खोटं नाही.

पुतळाबाई पुढं झाली. "चढ, सटवा," ती म्हणाली. "तुझ्याच मातीवर हाय समदं."

सटवा चढला.

त्याला किती वर्षं झाली, कुणी मोजली नाहीत. आता तिथं तहसील कार्यालय आणि पोलीस ठाणं अशी काँक्रीटची नवी इमारत आहे. तिचा नकाशा पहिल्यांदा आला तेव्हा त्यात गुळगुळीत फरशीच्या पायऱ्या होत्या. गावानं तो दोनदा परत पाठवला. तिसऱ्या नकाशात उंबरे आले, तेव्हा कुठं कुदळ पडली. उंबरे हलवले तेव्हा खालची मातीही पाट्या भरभरून काढली आणि पुन्हा त्यांच्याखाली अंथरली. शेंदरवणचं माणूस आजही 'कचेरीत जातो' म्हणत नाही, 'उंबऱ्यावर जातो' म्हणतं. नवा तहसीलदार असो की नवा फौजदार, पहिल्या दिवशी पायरीखाली उभं राहून "येऊ का?" असं विचारतो. अर्ज घेऊन ताटकळलेल्यांतलं कुणीतरी "या" म्हणतं, मगच तो चढतो.

आणि तिथला कोणताही हुकूम त्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचतात. वाचून झाला की वाचणारा थांबतो आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून पार मागं बघत विचारतो, "मागच्याला ऐकू आलं का?" सगळ्यात मागं उभं असलेलं माणूस "आलं" म्हणत नाही, तोवर कागदावर शिक्का उठत नाही.