जड झालेलं गाव

कोणत्या राजाच्या काळात ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण एका तळ्याकाठी चाळीस घरांचं एक गाव होतं. तळं आटलं आणि गाव उठलं. माणसं पोटामागे चारी दिशांना पांगली.

त्यांतला एक कारागीर राजधानीत येऊन एकटाच राहू लागला. तो पडद्यावरचे खेळ घडवायचा. दूरदूरची माणसं आपापल्या पडद्यातून त्या खेळात शिरत, एकाच जागी चालत-बोलत. त्यानं ठरवलं, आपलं गाव तिथे पुन्हा उभं करायचं. मग सगळे भेटतील. दक्षिणेच्या बंदरावर गेलेला थोरला भाऊसुद्धा येईल.

पडद्यावरची प्रत्येक वस्तू म्हणजे बारीक त्रिकोणांची जुळणी. त्रिकोण जितके जास्त, तितकी वस्तू खरी वाटते. कारागिरानं झाडाचं पान न् पान घडवलं, माशाचं खवलं न् खवलं घडवलं. मग सगळ्यांना निरोप धाडला आणि पडद्यावरच्या घाटावर वाट बघत उभा राहिला.

कुणीच आलं नाही.

"माझंच काम कच्चं राहिलं," तो स्वतःशी म्हणाला. मग त्यानं तळ्याच्या तळाशी लाखभर खडे घडवले, प्रत्येक वेगळा. बंद फडताळातल्या वाट्यासुद्धा घडवल्या. तीन वर्षं त्याच्या दारावर कुणाची थाप पडली नाही. जेवताना तो पडद्यावरच्या रिकाम्या गल्लीकडे बघत बसे.

चौथ्या वर्षी एक म्हातारी त्याच्याकडे आली. गावात ती जाळी विणायची. आता कारागिराच्या भावाच्याच बंदरावर राहत होती.

"मावशी, तुम्ही कुणीच कसे आला नाहीत?" त्यानं विचारलं.

"आलो होतो की रे! वेशीतच पाऊल उचललं, ते खाली टेकेचना. सगळं चित्र जागीच थिजलं. तुझ्या कामाला नावं कशी ठेवायची, म्हणून कुणी बोललं नाही."

कारागिराच्या लक्षात आलं. पापणी लवायच्या आत पडद्यामागच्या यंत्राला सगळे त्रिकोण पुन्हा पुन्हा मांडावे लागतात. त्याचं यंत्र बलदंड होतं. लोकांची साधी यंत्रं त्या ओझ्यानं बसली होती.

"आणि दादा?"

"त्या दिवशी माझ्या शेजारीच बसला होता, दुपार टळेपर्यंत. म्हणाला, एवढ्या मायेनं बोलावलंय, थांबू अजून थोडं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गेला रे तो, या हिवाळ्यात. तेच सांगायला आलेय."

कारागिरानं पडद्यावरच्या तळ्याकडे बोट दाखवलं. "मी त्याच्यासाठीच खडे घडवत होतो," तो म्हणाला.

"पाण्याखालचे खडे तेव्हा तरी कुणाला दिसत होते? माझ्या दारातून तुमचं घर नुसतं ठिपक्याएवढं दिसायचं. तेवढ्यानं मला बरं वाटायचं."

ती गेल्यावर तो कामाला बसला. तळाचे खडे पुसले. भिंतीआड जे दिसत नाही, ते मांडणं थांबवलं. दूरचा डोंगर मोजक्या त्रिकोणांत बसवला. माणूस जवळ गेला की मगच झाडांना पानं दिसावीत अशी सोय केली. भावाच्या होडीच्या दोराचा एकेक पीळ त्यानं घडवला होता. तो सपाट करताना हात अडला. पण त्यानं तो केला.

पुन्हा निरोप गेला. या वेळी माणसं आली. पावलं उचलली गेली आणि टेकलीही. गल्लीत हाका ऐकू आल्या, कुणी हसलं, कुणी रडलं. पण चाळीस घरांपैकी सतराच उघडली. बाकीच्यांतले काही वाट बघून विसरले होते, काही उरलेच नव्हते. कारागीर भावाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आतून कडी काढायला कुणी नव्हतं.

लहानथोरहो, ज्यांना बोलवायचं त्यांना पेलेल एवढंच घडवावं. त्याहून जास्त घडवत बसलं, तर भेटीची वेळ निघून जाते.