दोन पेनड्राइव्ह

"आता काय विचारतंय ते?"

मठाचे गंभीरबाबा लॅपटॉपच्या स्क्रीनवर वाकले. नाव गंभीर, पण नवं काही दिसलं की बाबांना राहवत नसे.

"भाषा निवडा म्हणतंय," सौमित्र वैतागून म्हणाला.

"मघाशीही तेच म्हणत होतं ना?"

"सकाळपासून तिसऱ्यांदा, बाबा."

सौमित्र मठात येण्याआधी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर होता. त्याला सात वर्षं झाली, तरी तो ते विसरला नव्हता आणि इतरांनाही विसरू देत नव्हता. आज मात्र त्याची पंचाईत झाली होती. चार वाजता जीप येणार होती. ती त्याला कारंजगावच्या नव्या मठात नेणार. तिथे संध्याकाळी पहिलं प्रवचन, आणि ते करायचं सौमित्रनं.

लोकांसमोर बोलायचं म्हटलं की हा इंजिनिअर शेवटच्या रांगेत जाऊन बसे. म्हणून त्यानं एक तोड काढली होती. बाबांची सात वर्षांची प्रवचनं त्यानं पिवळ्या पेनड्राइव्हवर भरून घेतली होती. लॅपटॉप लावायचा, बाबांचा आवाज सुरू करायचा, आपण शेजारी हात जोडून बसायचं.

नेमकी आजच लॅपटॉपनं मान टाकली. मग सौमित्रनं दुसरा, काळा पेनड्राइव्ह लावला आणि त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम लॅपटॉपमध्ये नव्यानं टाकायला घेतली. ती काही केल्या बसेना.

"भाषा निवडलीस की काय होतं?" बाबांनी विचारलं.

"सगळं आत उतरतं. शंभर टक्के होतं. मग लॅपटॉप आपोआप बंद होतो आणि परत सुरू होतो."

"आणि?"

"आणि परत पहिल्यापासून. भाषा निवडा."

"शिकलेलं विसरतो होय?"

"विसरायला तो काय माणूस आहे, बाबा? लॅपटॉपच बिघडलाय."

सौमित्रनं तिसऱ्यांदा भाषा निवडली. आकडे सरकू लागले. बाबा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले...

"मला एक सांग. भाषा कोण विचारतं? लॅपटॉप?"

"नाही. हा काळा पेनड्राइव्ह. समोर दिसतंय ते सगळं त्याच्यातलंच."

"म्हणजे बोलतो हा."

"हो."

"मग लॅपटॉप कधी बोलणार?"

सौमित्र काळ्या पेनड्राइव्हकडे बघू लागला.

बाबांनी हळूच काळ्या पेनड्राइव्हला हात घातला.

"अहो बाबा, नको! मध्येच काढलात तर सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"मध्ये कुठे काढतोय?"

चिमटीत पेनड्राइव्ह धरून बाबा थांबले. ब्याण्णव... सत्त्याण्णव... शंभर. स्क्रीन काळी झाली.

बाबांनी पेनड्राइव्ह काढून घेतला.

सौमित्रचा जीव टांगणीला लागला. स्क्रीन काळीच होती.

मग लॅपटॉप उजळला. या खेपेला त्यानं भाषा विचारली नाही. 'स्वागत आहे' एवढंच म्हणाला.

सौमित्र ओशाळला. काळा पेनड्राइव्ह लावलेलाच राहिल्यामुळे लॅपटॉप दर वेळी त्याच्यावरूनच सुरू होत होता. हीच चूक दुसऱ्या कुणी केली असती, तर त्यानं त्या माणसाला आठवडाभर सुखानं जेवू दिलं नसतं. पण लाजत बसायला वेळ नव्हता. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. त्यानं लगबगीनं खिशातून पिवळा पेनड्राइव्ह काढला आणि लॅपटॉपला लावायला गेला.

बाबांनी मध्ये तळहात धरला.

"बाबा, यात तुमची प्रवचनं आहेत. तुमचा आवाज आहे..."

तळहात हलला नाही.

सौमित्रनं बाबांकडे पाहिलं. मग लॅपटॉपकडे. हॉर्न पुन्हा वाजला. त्याला आता खरोखर भीती वाटत होती, पण त्यानं पिवळा पेनड्राइव्ह बाबांच्या हातावर ठेवला.

बाबांनी दोन्ही पेनड्राइव्ह झोळीत टाकले.

"मग मी तिथे बोलू तरी काय, बाबा?"

बाबा हसले.

"आधी भाषा तर निवड."