कुलपाला माया

“आज भर सभेत ऋजुता चेअरमनसाहेबांचं माप काढणार, आणि...” जिन्यातलं एवढंच बोलणं मालतीकाकूंच्या कानावर पडलं. काकूंनी गॅस बंद केला नि थेट महिला समुपदेशन केंद्राची सभा गाठली.

केंद्रात मन मोकळं केलेल्या चार हजार बायकांची गुपितं कॉम्प्युटरवर चढवायची होती. त्यात काकूंच्या लेकीचंही एक होतं. परक्याला ती वाचता येऊ नयेत म्हणून कॉम्प्युटरचं काम पाहणारी ऋजुता त्यांना सांकेतिक कुलूप सगळ्यात भक्कम मागत होती.

चेअरमन गजाननराव खटावकर, गावातल्या शाळांचे गणवेश शिवणारे, मिशीत हसले. “अगं, साधं कुलूपही आज कुणाला फुटत नाही, तूच म्हणालीस ना? मग हे बोजड धूड कशाला?”

“आज नाही फुटणार, साहेब. पण चोर ही गुपितांची बंद पेटी आजच उचलून नेईल आणि वीस वर्षांनी तगडा कॉम्प्युटर आला की उघडेल. या बायका तेव्हाही इथंच नांदत असतील.”

“वीस वर्षांपुढचं आज कोण बघतं?”

“तुम्ही बघता की! पहिलीच्या पोराचा गणवेश शिवताना आत जादा कापडाची माया का सोडता?”

“पोर वाढत्या अंगाचं असतं म्हणून!” गजाननराव ताठ्यात म्हणाले.

“कॉम्प्युटरही वाढत्या अंगाचाच आहे, साहेब. मग कुलपाला माया नको?”

सभा खळखळून हसली. गजाननरावांनी गळ्यातली टेप चाचपली, स्वतःही हसले आणि भक्कम कुलपाच्या कागदावर सही केली.

परतताना जिन्यात शेजारणीनं काकूंना अडवलं. “काढलं का हो माप चेअरमनचं?”

“माप काढलं गं,” काकू कौतुकानं म्हणाल्या, “पण कुलपाचं!”