नटावरची खूण

आबासाहेबांच्या जुन्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून तेल गळत होतं. बापू शिकलगार मिस्त्रींनी शाफ्टवरचा नट खोलून आतलं सील बदलून दिलं. आठवड्यातच गाडीच्या मागच्या बाजूनं रडल्यासारखा आवाज यायला लागला, आणि आबासाहेब भर चौकात गरजले, "नट ढिला ठेवलास! तुझ्या गॅरेजची पाटीच उतरवतो."

बापूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"माझ्यानंतर कुणी पाना लावला का?"

"कुणाची टाप आहे? या गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही!"

"मग जरा खाली शिरून बघा. खोलायच्या आधी मी नटावर आणि शाफ्टवर छिन्नीनं एकच सरळ रेघ मारतो. तीच जुळवून नट बसवतो. जास्त आवळला, तर आतलं बेअरिंग रडतं."

आबासाहेब चरफडत गाडीखाली शिरले. नटावरची रेघ चांगली पाव फेरा पुढं गेली होती, आवळायच्या बाजूला.

"नट आपोआप ढिला होतो, आबासाहेब," बापू वाकून म्हणाले, "आपोआप आवळत नाही."

चौकात हशा पिकला. आबासाहेब मात्र गाडीखालून बाहेर यायचं नाव घेईनात.