कातळावर वाळवलेला हरभरा

पोरांनो, सकाळपासून गोष्ट सांगा म्हणून डोकं उठवलंय, म्हणून सांगतो. चार बुकं शिकलेल्यांनी सांगायची ती माझ्या गळ्यात आली. आता मधे बोलू नका.

एका माळावर एक साळिंदर राहत असे. उतरणीला त्याचं हरभऱ्याचं वावर होतं. दोन हिवाळे पीक पिवळं पडून गेलेलं. यंदाही गेलं तर पिलांना घेऊन माळ सोडायचा, असं त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं.

ओढ्याकाठी एक म्हातारी घूस होती. तिचा हरभरा दरसाल हिरवागार. तिने आपल्या वावरातली मुळाजवळची माती त्याला दिली. हिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, ते मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतलं खत झाडाला देतात, असं समजावलं. माती गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळायची. "पण सावलीत सुकव हो दादा, आणि लगेच पेर."

साळिंदराने सगळं केलं, फक्त बी तापल्या कातळावर पसरलं. त्याची आई बी खडखड वाजेपर्यंत उन्हात ठेवायची. आईपेक्षा घुशीला जास्त कळतं होय? कातळावर मावलं नाही तेवढं ओंजळभर बोरीच्या सावलीत राहिलं. ते त्याने शेवटच्या दोन ओळींत पेरलं.

महिन्याभरात वावर पिवळं पडलं. साळिंदर काटे फुलवून पाणवठ्यावर गेलं आणि सगळ्यांदेखत घुशीला म्हणालं, "लबाड आहेस. नुसता चिखल दिलास."

घुशीने एवढंच विचारलं, "बी कुठे सुकवलंस?"

ते तणतणत परतलं, पण प्रश्न काही मनातून जाईना. वावरात येऊन बघतं तर शेवटच्या दोन ओळी हिरव्या. त्याने दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं. पिवळ्याचं मूळ बोडकं. हिरव्याच्या मुळाला गाठीच गाठी, फोडल्या तर आत लालसर.

दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर, सगळ्यांदेखत ते म्हणालं, "बाई, लबाड मी. तुझे जीव मी उन्हात मारले."

घूस पाणी पीत होती. तोंड पुसून म्हणाली, "दोन ओळींचं बी राख, पुढच्या साली त्यांच्याच मुळाची माती चोळून पेर. यंदा पिलांना माझ्या वावरात घेऊन ये."

तात्पर्य : ज्याचं काम डोळ्यांना दिसत नाही, त्याला लबाड म्हणण्याआधी रोप उपटून मूळ बघावं. आणि चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यावं. साळिंदराला एक रात्र लागली. आमच्या बांधाला बांध असलेल्या केरबा शेलाराने मला चारचौघांत लबाड म्हटलं, त्याला तीन वर्षं झाली.