वीतभर लाल रेशीम

माग बोलत होते आणि माणसांना त्यांचं ऐकायला सवड होती, त्या काळातली ही गोष्ट. यमुना साळिणीच्या मागावर नवा ताणा चढला. निळ्याशार रेशमाच्या उभ्या धाग्यांचा, आणि भलताच तोऱ्यातला! पाहतो तर काय, मागाचे धागे ओवायच्या फणीच्या दातांत आधीच्या साडीचा वीतभर लाल ताणा अजून लोंबत होता.

"यमुनाबाई, हे लक्तर आधी कापा," निळा ताणा म्हणाला. "मी कोऱ्या फणीतच शिरणार."

फणी हसली. "बाळा, काठ कुठे सुरू होतो, माझ्या कोणत्या दातात कोणता धागा, हे सगळं या लक्तरानंच धरून ठेवलंय. ते गेलं की एकेक धागा नव्यानं ओवत बसायचं. आणि जिच्यासाठी ही साडी, त्या नवरीचं लग्न तर तोंडावर आलंय."

"म्हणजे मी याच्यासारखा लाल होऊ?"

"रंग तुझाच राहील रे," लाल ताणा म्हणाला. "वाट तेवढी माझी घे."

धागे पिळताना निसटू नयेत म्हणून यमुनेनं बोटांना राख लावली आणि प्रत्येक लाल टोकाला एक निळं टोक सांधलं. मग तिनं हलकेच ओढलं. लाल धाग्यांच्या मागोमाग सगळे निळे धागे आपापल्या दातांतून एका दमात पार झाले. एकही चुकला नाही.

लग्नाआधी साडी विणून झाली. यमुनेनं कात्री उचलली, तसा निळा ताणा घाईघाईनं म्हणाला, "यमुनाबाई, जरा अलीकडे कापा. फणीत माझं वीतभर लक्तर राहू द्या."